पुण्यात कॉलेजच्या कॉयरचा महोत्सव दरवर्षी कसा करायचा? (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा)

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मध्येच वाचायला आलेल्यांनाही कळेल. सेकंड इयरचा एक मुलगा विचारतोय की बाहेरच्या देशांत विद्यापीठांच्या विद्यार्थी कॉयरचे दरवर्षी महोत्सव होतात, सगळे जमून एकत्र गातात, तसं पुण्यात आठ-दहा कॉलेजं मिळून करता येईल का. करायचं तर स्पर्धा ठेवावी का, बक्षीस किती, हॉल कुठला, सिनेमाची गाणी चालू द्यावीत का. आणि शेवटी एक ओळ, 'एकदाच होऊन बंद पडायला नको.'

मी गेली २२ वर्षं कॉलेजच्या मुलांची समूहगानं बसवते. असा महोत्सव करायच्या भानगडीत दोनदा पडलेय, पहिल्यांदा तोंडावर आपटले, दुसऱ्यांदा बरा झाला. विद्यार्थी आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

तुझे सगळे प्रश्न कार्यक्रमाबद्दल आहेत, आणि माझ्या मते अडचण कार्यक्रमाची नाहीच. पुण्यात हॉल मिळतो, साउंडवाला मिळतो, प्रमुख पाहुणा तर न मागताही मिळतो. मिळत नाही तो कॉयर. आपल्याकडे कॉलेजात कायम गाणारा गट जवळजवळ नसतोच, असते ती 'टीम', आणि ती युवक महोत्सवाच्या पंधरा दिवस आधी जमते आणि निकाल लागला की पांगते. त्यात भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवांचा नियम असा की समूहगानात जास्तीत जास्त ६ गायक, ३ साथीदार, वेळ १० मिनिटं, एक देशभक्तीपर आणि एक लोकगीत, सिनेमाचं गाणं नाही. नियम वाईट नाही, पण वर्षानुवर्षं त्याचा परिणाम असा झालाय की कॉलेजं सहाच आवाज शोधतात. सहा तयार गळे घ्यायचे, त्यातले दोन क्लासला जाणारे, बाकीच्या साठ-सत्तर जणांना ऑडिशनला 'बघू' म्हणायचं. कॉयर खरं तर त्या साठ-सत्तरांचा असतो.

म्हणून पहिला सल्ला, स्पर्धा ठेवू नकोस. मला माहितीये पुण्यात हे बोलणं म्हणजे पाप आहे, इथे पुरुषोत्तम करंडक (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) १९६३ पासून चाललाय, फिरोदिया या दुसऱ्या करंडकासाठी मुलं लेक्चर, झोप, जेवण सगळं सोडतात, आणि करंडकामुळे माणसं घडली हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण नाटकाला जे चालतं ते कॉयरला चालत नाही. करंडक आला की परत सहा गळे आले, खाली बसलेल्यांची 'आव्वाज कुणाचाSSS' आली, आणि एखाद्या गटाने जीव ओतून बारीक आवाजात धरलेला शेवटचा 'सा' त्या आरोळीत गेला. मी विंगेत उभी राहून हे पाहिलंय, मुली गात होत्या आणि त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता.

'मग बक्षीस नसेल तर मुलं येतील कशाला' हा पुढचा प्रश्न मला दरवेळी विचारतात. त्याला माझं उत्तर म्हणजे ढोल पथक. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना नदीपात्रात संध्याकाळी जाऊन बघ, इंजिनिअरिंगची, कॉमर्सची शेकडो मुलंमुली हाताला फोड येईपर्यंत सराव करतात, पावसात, चिखलात, आणि मिरवणुकीत त्यांना ना नंबर ना सर्टिफिकेट. का येतात, तर एकटा ढोल वाजवला तर शेजारी ओरडतात आणि दोनशे मिळून वाजवले तर अंगावर काटा येतो. तुझा महोत्सव या जातीचा हवा. आत्ता चार-पाच वर्षं तरी करंडकाच्या वाटेला जाऊ नकोस, पुढे गट मुरले की बघू.

तू ज्या परदेशी महोत्सवांबद्दल लिहिलंयस त्यांचाही गाभा हाच आहे. एस्टोनियात तार्तूला १८६९ साली पहिला गायन उत्सव झाला, आणि एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया या तीन देशांतल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचा 'गाउडेआमुस' नावाचा उत्सवही १९५६ साली तार्तूलाच सुरू झाला. तिथे गट आपापलं गातात ते गातातच, पण लोक जमतात ते सगळे कॉयर एकत्र उभे राहून गातात त्यासाठी, आणि त्या एका गाण्याची तयारी प्रत्येक गट घरी महिनोन्‌महिने करत असतो. आपल्याकडे हे अगदीच नवीन आहे असंही नाही. सेवा दलाच्या कलापथकांनी गावोगाव समूहगीतं पोचवली, वारीच्या दिंडीत अख्खी रांग अभंगाचं ध्रुपद (पालुपद) उचलते, आणि आपल्या पुण्याच्याच गायक-संगीतकार मास्टर कृष्णरावांनी वंदे मातरमला झिंझोटी रागात अशी चाल बांधली की समूहाला ती एकत्र गाता यावी, आणि घटना समितीच्या सभासदांसमोर ती गाऊन दाखवली. म्हणजे 'शंभर जणांना एकत्र गाता येईल अशी चाल कशी असावी' हा प्रश्न इथल्या माणसाने आधीच डोकं खाजवून सोडवून बघितलाय.

तर सगळ्या महोत्सवाचा खुंटा म्हणजे एक सामाईक गाणं. तारीख, हॉल, पोस्टर सगळं नंतर. गाणं आधी ठरव.

आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक जण इथेच मार खातात.

मुलगे आणि मुली एकत्र गाणार म्हटल्यावर पट्टीचा घोळ होतो (पट्टी म्हणजे पेटीवरची कितवी काळी किंवा पांढरी 'सा' धरायची ते). न शिकलेला मुलगा साधारण काळी एकच्या आसपास आरामात गातो, मुली काळी चार किंवा पाच. मुलांच्या पट्टीत गायलं की मुलींना तार सा म्हणजे किंचाळणं होतं, मुलींच्या पट्टीत गायलं तर मुलगे एक तर विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे गातात नाही तर मान वर करून ओरडतात. आरतीला काय होतं आठव, 'सुखकर्ता' कुणी एका पट्टीत सुरू करतो, 'लवथवती'पर्यंत पट्टी आणि लय दोन्ही चढलेली असतात आणि शेवटी जो तो आपल्या 'सा'ला मोकळा. देवाला चालतं, स्टेजवर चालत नाही.

माझा तोडगा असा. सामाईक गाणं असं घ्यायचं की ज्याची मुख्य ओळ मंद्र पंचमापासून मध्य धैवतापर्यंत (खालच्या सप्तकातल्या 'प'पासून मधल्या सप्तकातल्या 'ध'पर्यंत) फिरते, तार षड्जाला म्हणजे वरच्या 'सा'ला जात नाही किंवा नुसती शिवून येते. मग पांढरी दोन किंवा काळी दोन धरली की मुलगे आणि मुली एका सप्तकाच्या अंतराने दोघंही सुखात राहतात. मुलींना सुरुवातीला ही पट्टी उंच वाटते कारण त्यांना खालून, छातीतून गायची सवय असते, आठवडाभर हलक्या आवाजात म्हणायला लाव, बसते. अंतरा वर जाणारा असेल तर तो सगळ्यांनी मिळून गायलाच पाहिजे असं कुठे आहे? दुसरा मार्ग म्हणजे अंतरा मुलींना त्यांच्या पट्टीत द्यायचा. काळी एकचा मध्यम म्हणजे काळी तीन, तोच मुलींचा 'सा'. जसरंगी जुगलबंदीत गायक आणि गायिका आपापला 'सा' ठेवून गातात ते याच तत्त्वावर. पण हे पहिल्याच वर्षी करू नकोस, पट्टीवरून परत येताना गट हमखास चुकतो, माझा चुकलाय.

आता माझी फजिती सांगते. पहिल्या महोत्सवाला आम्ही म्हटलं सामाईक गाण्याला चार गटांचे चार पेटीवाले बसवू, कुणाला वाईट वाटायला नको. तालमीत एकेकाची पेटी ऐकली होती, चारही एकत्र कधीच नाही. स्टेजवर चौघांनी मिळून काळी दोन दाबली आणि हॉलमध्ये एक विचित्र घरघर सुरू झाली, पंख्याला काहीतरी अडकल्यासारखी. एका कॉलेजची पेटी जुनी होती, तिचे सूर बाकीच्यांपेक्षा चढे होते, थोडेसेच पण चढे. दीडशे मुलं, अर्ध्यांनी तिला धरलं, अर्ध्यांनी दुसऱ्यांना, आणि मी समोर उभी राहून हात हलवतेय. साउंडवाल्याला वाटलं स्पीकर फाटला, त्याने आवाज कमी केला, मग तर तबलाच ऐकू येईना. चूक त्या कॉलेजची नव्हती, चूक माझी. तेव्हापासून नियम केलाय, सामाईक गाण्याला एकच पेटी किंवा तीही नाही, नुसता तंबोरा, आणि महिनाभर सगळ्या कॉलेजांत सरावाला तंबोऱ्याची एकच ऑडिओ फाइल. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलमधलं अॅप लावायचं नाही.

पेटीचं अजून एक आहे. दोन-तीन सुरावटी एकत्र गाणार असाल, म्हणजे खाली 'सा' आणि वर 'ग', तर पेटीतला 'ग' स्वयंभू गंधारापेक्षा (तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या 'ग'पेक्षा) सुमारे १४ सेंट चढा असतो (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले तर). एकट्याने गाताना हे जाणवत नाही, चाळीस जणांनी धरून ठेवला की जाणवतं. पेटी बंद करून नुसत्या तंबोऱ्यावर तोच 'ग' लावायला सांग आणि मुलांच्या चेहऱ्याकडे बघ. एकदा एका वर्गात, बेंच भिंतीला लावून आम्ही हे करत होतो, संध्याकाळचे सात, बाहेर पार्किंगमध्ये कोण तरी हॉर्न वाजवतंय, आणि अचानक तो 'ग' असा बसला की मागे झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, 'आता बरं वाटलं.' त्यांना श्रुती वगैरे काही माहीत नव्हतं, त्यांना वर्ग झाडून घरी जायचं होतं.

उच्चार. पुण्यात कॉलेज म्हणजे अर्धी मुलं बाहेरची, कुणी नागपूरकडचं, कुणी संगमनेरचं, कुणी हिंदी भाषिक. 'चांदणं'मधला च आणि 'चंद्र'मधला च वेगळा आहे हे निम्म्यांना सांगावं लागतं, 'ळ'चा 'ल' होतो तो वेगळाच. हे हसून किंवा टोमणे मारून शिकवायचं नाही (पुणेकरांनी इथे विशेष काळजी घ्यावी). ओळीच्या शेवटी 'ट' किंवा 'त' आला की चाळीस जण तो चाळीस वेळा उच्चारतात, खडी ओतल्यासारखा आवाज येतो. शेवटचं व्यंजन फक्त चार-पाच जणांनी म्हणायचं, बाकीच्यांनी स्वरावरच थांबायचं, ऐकणाऱ्याला पूर्ण शब्दच ऐकू येतो. श्वासाचंही तसंच, सगळ्यांनी एकाच जागी घेतला की तिथे खड्डा पडतो, म्हणून शेजारी शेजारी उभ्या असलेल्यांनी वेगवेगळ्या जागी चोरून घ्यायचा आणि या जागा कागदावर पेन्सिलीने खुणा करून ठेवायच्या.

हे सगळं आठ कॉलेजांत पोचवायचं कसं? व्हॉट्सॅपवर फाइल टाकून होत नाही, करून बघितलंय. फाइल पाठवच, स्वरलिपी पाठव, मुलांच्या ओळीची आणि मुलींच्या ओळीची वेगवेगळी रेकॉर्डिंग पाठव, पण एका माणसाने प्रत्येक कॉलेजला निदान दोनदा जायलाच हवं, एकदा गाणं द्यायला आणि एकदा वाकडं झालेलं सरळ करायला. आठ कॉलेजं म्हणजे सोळा संध्याकाळी. कात्रजहून विद्यापीठ चौकात संध्याकाळी सहाला पोचणं म्हणजे काय ते तुला माहितीये. महोत्सवाचा खरा खर्च हा आहे, आणि तो बजेटमध्ये कुणीच लिहीत नाही. जो माणूस फिरणार त्याचं पेट्रोल आणि थोडं मानधन हॉलच्या आधी काढून ठेव.

आता तुझे बाकीचे प्रश्न पटापट. यातलं बरंचसं कॉलेजं कुठली येतात आणि प्राचार्य किती मनावर घेतात यावर अवलंबून आहे, त्यामुळे अंदाज म्हणून घे.

किती गट? आठच्या वर नको. प्रत्येकाला १२ मिनिटं आणि चढ-उतरायला ४ धरलीस तरी १२८ मिनिटं झाली, म्हणजे दोन तासांवर, त्यात सामाईक गाणं आणि सत्कार (सत्कार टाळता येणार नाही, लहान कर). गटात किमान वीस जण असा नियम ठेव. किमान, कमाल नाही. या एका नियमाने कॉलेजला सहा गळ्यांच्या बाहेर बघावंच लागतं.

कोणती कॉलेजं? सावित्रीबाई फुले विद्यापीठाखाली पुण्याबरोबर नगर आणि नाशिकचीही कॉलेजं येतात, त्यांना बोलावलंस तर राहायची सोय आली. पहिल्या वर्षी शहरातलेच गट घे. पुण्यात भारती, सिंबायोसिस, टिळक महाराष्ट्र अशी वेगवेगळी विद्यापीठं आहेतच, त्यामुळे शहर न सोडता महोत्सव आंतरविद्यापीठीय होतो, फक्त सगळ्यांच्या परीक्षा वेगवेगळ्या वेळी असतात हे तारीख ठरवायच्या आधी कागदावर मांड. मला जानेवारीचा शेवट बरा वाटतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपती आणि पुरुषोत्तम, तेव्हा कुणी मिळणार नाही. फिरोदियाची तारीख बघून मग आपली ठरव, कारण गाणारी मुलं तीच असतात.

हॉल? उघड्या अॅम्फी थिएटरचा मोह होतो, फोटो छान येतात, पण उघड्यावर आवाज परत येत नाही आणि मुलांना एकमेकांचं ऐकू येत नाही, मग सगळे जोर लावतात आणि सूर जातो. शिवाय रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही, २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभर चालणाऱ्या मैफलीसुद्धा आटोपत्या घ्यायला लावल्या, तुझ्या महोत्सवाला कोण सवलत देणार. कॉलेजचं जुनं, उंच छताचं, दगडी भिंतींचं सभागृह मिळालं तर बालगंधर्व रंगमंदिरापेक्षा मला ते आवडेल, भाडंही वाचतं. पंखे बंद करता येतील का एवढं विचारून घे.

माइक? प्रत्येकाच्या हातात माइक दिलास तर तो कॉयर राहत नाही. समोर उंच स्टँडवर दोन किंवा तीन कंडेन्सर माइक, पहिल्या रांगेपासून साधारण एक-दीड मीटरवर, आणि दोन माइकमधलं अंतर हे माइक आणि गाणाऱ्यांमधल्या अंतराच्या निदान तिप्पट. साउंडवाला 'ताई, एवढे लांब का' म्हणेल, ऐकू नकोस.

सिनेमाची गाणी? स्पर्धा नाही म्हटल्यावर बंदी घालायचं कारण नाही, फक्त कराओके ट्रॅक नको, त्यावर गायलं की कॉयर ट्रॅकच्या मागे पळतो. हक्कांचं मात्र बघ. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात, विद्यार्थी-शिक्षक-पालक एवढ्याच श्रोत्यांसमोर विद्यार्थ्यांनी गाणं सादर करायला सूट आहे. तिकीट लावलं, बाहेरचे लोक बोलावले किंवा यूट्यूबवर टाकलं की ती सूट धरून चालू नकोस. सोपा मार्ग म्हणजे लेखक जाऊन साठ वर्षं होऊन गेलेले शब्द घे, संतांचे अभंग, भा. रा. तांबे, साने गुरुजी (ते १९५० साली गेले), आणि चाल तुमच्यातल्याच कुणाकडून नवी बांधून घे. शब्द मोकळे असले तरी प्रसिद्ध चाल मोकळी असतेच असं नाही, इथे लोक फसतात.

आणि 'दरवर्षी' कसं व्हायचं. तू सेकंड इयरला आहेस, दीड-दोन वर्षांत जाशील, तुझ्याबरोबर महोत्सव जाईल, माझा पहिला असाच गेला. दुसऱ्यांदा आम्ही दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आयोजनात फर्स्ट इयरची निदान तीन मुलं घेतली, चहा सांगायला नाही, हिशेबाच्या वहीला. दुसरी म्हणजे महोत्सवाच्या शेवटी, सगळे स्टेजवर असतानाच, पुढच्या वर्षीच्या सामाईक गाण्याची पहिली ओळ शिकवली. नुसती एक ओळ, पाच मिनिटं. मुलं ती गुणगुणत पार्किंगमध्ये गेली, आणि जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर मला एका मुलीचा मेसेज आला, 'मॅडम, पुढची ओळ कधी?'

सामाईक गाण्यात कॉलेजवार उभं करू नकोस हे सांगायचं राहिलं. मुलगे-मुली वेगळे, पण कॉलेजं मिसळून टाक, एका कॉलेजचा एक, शेजारी दुसऱ्याचा. आपल्या ओळखीचा आवाज कानाशी नसला की मुलं ऐकायला लागतात. पहिल्या तालमीत कुरकुर करतील, पाणी प्यायच्या सुट्टीत एकमेकांचे नंबर घेतात.

गाणं ठरलं की त्याची सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची जागा कुठली एवढं इथेच लिही, पट्टी मी सांगते.